ओपन सोर्स अ‍ॅपमधले एन्क्रिप्शन आणि निर्यातीचे नियम : आम्हाला नक्की कोणाची परवानगी लागते?

मुळाक्षर (धागाकर्ता, सांगली)

नमस्कार.

मी आणि माझा एक मित्र गेल्या दोन वर्षांपासून बचत गटांचा हिशेब ठेवणारे एक छोटे अ‍ॅप लिहीत आहोत. महिन्याच्या बैठकीत गटाच्या सचिव ताई मासिक बचत, अंतर्गत कर्ज, व्याज आणि उशिराचा दंड यांच्या नोंदी त्यात करतात. फोन हरवला किंवा घरातल्याच कोणाच्या हाती पडला, तर कोणत्या बाईने किती कर्ज उचलले आहे हे गावभर होऊ नये, म्हणून ही संपूर्ण वही आम्ही लिबसोडियम या लायब्ररीच्या (तयार कोडच्या संचाच्या) साहाय्याने एन्क्रिप्ट करून, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी करून, ठेवतो. सगळा सोर्स कोड पहिल्या दिवसापासून गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर खुला आहे, त्याला कोणालाही वापर आणि बदल करू देणारा एमआयटी परवाना आहे, आणि आजवर आम्ही त्यातून एक रुपयाही मिळवलेला नाही.

आतापर्यंत हे अ‍ॅप केवळ अँड्रॉइडवर एफ-ड्रॉइड या ओपन सोर्स अ‍ॅपच्या भांडारातून मिळत होते. गेल्या महिन्यात आयफोनची आवृत्ती अ‍ॅपलच्या स्टोअरवर चढवायला घेतली, तेव्हा ‘तुमचे अ‍ॅप एन्क्रिप्शन वापरते का, आणि वापरत असल्यास कोणत्या प्रकारचे’ हा प्रश्न समोर आला. त्याच्या स्पष्टीकरणात अमेरिकेच्या निर्यात नियमांचा आणि फ्रान्ससाठी लागणाऱ्या वेगळ्या कागदाचा उल्लेख होता. त्याच आठवड्यात अमेरिकेतील एका कंपनीने आमचा नोंदी जुळवणारा भाग तिच्या उत्पादनात वापरण्याची इच्छा कळवली आणि सोबत एक तक्ता पाठवला, ज्यात ‘ईसीसीएन’ नावाचा एक रकाना आम्ही भरायचा होता. शोधाशोध केली तर तीन ठिकाणी तीन उत्तरे मिळाली. एका ठिकाणी म्हटले होते की कोड प्रसिद्ध करण्याआधी अमेरिकी सरकारच्या दोन पत्त्यांवर ईमेल पाठवणे बंधनकारक आहे, दुसऱ्या ठिकाणी ती अट आता राहिलेली नाही असे होते, आणि तिसऱ्या ठिकाणी ओपन सोर्सवाल्यांनी या भानगडीकडे लक्षच देऊ नये असा सल्ला होता.

आणखी दोन गोष्टी सांगून ठेवतो, कारण त्यामुळे उत्तर बदलण्याची शक्यता आहे. माझ्या मित्राला लिबसोडियमच्या वर स्वतः रचलेल्या एन्क्रिप्शनचा आणखी एक थर हवा आहे आणि ते काम त्याने एका खाजगी रेपोत, म्हणजे कोडच्या बंद भांडारात, सुरूही केले आहे. शिवाय तेहरानमधील एका मुलाने आमच्या तारखांच्या कोडमधील एक चूक दुरुस्त करून पाठवली आहे, आणि ती स्वीकारावी की नाही या विचारात मी तीन आठवडे घालवले आहेत.

जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

---

जुनी_तार

आपला प्रश्न वाचून १९९८ साल आठवले. पुण्यात व्हीएसएनएलच्या डायल-अपवर आम्ही नेटस्केप हा ब्राउझर वापरत असू, आणि त्याची ‘अबाउट’ची खिडकी उघडली की त्यात ‘इंटरनॅशनल सिक्युरिटी’ असे शब्द दिसत. ते वाचून मला बरीच वर्षे असे वाटत राहिले की ही काहीतरी वरच्या दर्जाची, जगभर मान्य असलेली सुरक्षा असावी. प्रत्यक्षात अर्थ नेमका उलटा होता. अमेरिका आणि कॅनडातील लोकांना १२८ बिटांची किल्ली मिळत असे आणि उरलेल्या जगाच्या वाट्याला ४० बिटांची. ४० बिटांच्या किल्लीत सुमारे १ लाख १० हजार कोटी शक्यता असतात. ऐकायला हा आकडा मोठा वाटतो, पण १९९५ च्या ऑगस्टमध्येच फ्रान्समधील एका संशोधकाने हाताशी असलेले संगणक कामाला लावून असा एक संदेश आठ दिवसांत उलगडून दाखवला होता. विशेष म्हणजे आपल्याकडच्या इंटरनेट सेवादात्यांच्या परवान्यातही परवानगीशिवाय ४० बिटांपेक्षा मोठी किल्ली वापरू नये अशी अट होती. म्हणजे एका सरकारला मजबूत कुलूप देशाबाहेर जाऊ द्यायचे नव्हते आणि दुसऱ्याला ते आत येऊ द्यायचे नव्हते.

हे सारे कशामुळे होते, तर त्या काळी अमेरिकेच्या कायद्याने एन्क्रिप्शनचे सॉफ्टवेअर युद्धसामग्रीच्या यादीत बसवले होते. तोफगोळे आणि रणगाडे ज्या यादीत, त्याच यादीत एखाद्या विद्यार्थ्याने लिहिलेला कोड. फिल झिमरमन यांनी १९९१ साली पीजीपी हा ईमेल एन्क्रिप्ट करणारा प्रोग्राम फुकट वाटला, तो इंटरनेटवरून देशाबाहेर पोहोचला, आणि १९९३ पासून त्यांच्यावर फौजदारी चौकशी सुरू झाली. ती १९९६ च्या जानेवारीत आरोपपत्राविनाच बंद करण्यात आली. मधल्या काळात, १९९५ साली, एमआयटीच्या प्रकाशन संस्थेने पीजीपीचा संपूर्ण कोड पुस्तक म्हणून छापला. अक्षरांचा ठसा स्कॅनरला सहज वाचता येईल असा निवडला होता, कारण पुस्तकाच्या निर्यातीला परवाना लागत नाही. हा भेद किती विचित्र होता ते फिल कार्न या अमेरिकी अभियंत्याच्या अर्जातून उघड झाले. एन्क्रिप्शनवरील एक पाठ्यपुस्तक परदेशी पाठवायला सरकारची हरकत नव्हती, मात्र त्याच पुस्तकात छापलेला कोड फ्लॉपीवर भरला की ती फ्लॉपी युद्धसामग्री ठरत होती.

आपल्या अ‍ॅपशी थेट नाते असलेली गोष्ट मात्र वेगळीच आहे. डॅनियल बर्नस्टीन हे अमेरिकेतील बर्कली विद्यापीठात विद्यार्थी होते. त्यांनी ‘स्नफल’ नावाची एन्क्रिप्शनची एक पद्धत रचली आणि ती प्रसिद्ध करायची असेल तर शस्त्रांचे व्यापारी म्हणून नोंदणी करून परवाना घ्यावा लागेल, असे त्यांना सांगण्यात आले. ते १९९५ साली न्यायालयात गेले. १९९६ च्या एप्रिलमध्ये न्यायाधीश मॅरिलिन हॉल पटेल यांनी, सोर्स कोड हीदेखील अभिव्यक्ती आहे आणि तिला राज्यघटनेचे संरक्षण आहे, असे म्हटले. १९९९ साली अपील न्यायालयाच्या खंडपीठानेही तोच कौल दिला. तो पुढे फेरसुनावणीसाठी मागे घेण्यात आला, परंतु तोवर सरकारनेच १४ जानेवारी २००० पासून नियम सैल केले होते. बर्नस्टीन यांनी नंतर ‘स्नफल २००५’ या नावाने एक नवी पद्धत मांडली, तिलाच आज साल्सा२० म्हणतात, आणि लिबसोडियममधील ‘सीक्रेटबॉक्स’ तिच्याच एका सुधारित रूपावर चालतो. आपल्या सचिव ताई दंडाची रक्कम टाकून ‘जतन करा’ दाबतात, तेव्हा त्या फोनमध्ये जे घडते त्याच्या पूर्वजासाठी एका विद्यार्थ्याला सरकारशी कित्येक वर्षे भांडावे लागले होते.

ओपन सोर्सवाल्यांनी त्या काळात काढलेला मार्ग असा होता की एन्क्रिप्शनचे काम अमेरिकेबाहेरच करायचे. ओपनबीएसडी या संगणक प्रणालीचा कारभार कॅनडातील कॅलगरीतून चालत असे, ओपनएसएसएल ही एन्क्रिप्शनची लायब्ररी ज्यातून निघाली ते एसएसएलीय ऑस्ट्रेलियात लिहिले गेले, आणि जावासाठीचे बाउन्सी कॅसलही तिकडचेच. डेबियन या लिनक्स प्रणालीने तर ‘नॉन-यूएस’ नावाचे एक वेगळे भांडारच नेदरलँड्समध्ये ठेवले होते. मला आठवते की २००० साली डेबियन बसवल्यावर एसएसएचसारखी (दूरच्या संगणकाशी सुरक्षितपणे जोडून घेण्याची) रोजची गोष्ट मिळवण्यासाठीही पॅकेजांच्या यादीच्या फाइलमध्ये ‘नॉन-यूएस’ची ओळ हाताने भरावी लागत असे, आणि ती भरायची राहिली की एसएसएच कुठे गेले म्हणून नवा माणूस हैराण होत असे. २००२ च्या आवृत्तीपासून एन्क्रिप्शन मुख्य भांडारात आले.

त्या नियमांची किंमत मात्र पुढच्या पिढीने मोजली. निर्यातीसाठी मुद्दाम कमकुवत केलेल्या किल्ल्यांची सोय कोडमध्ये तशीच पडून राहिली, आणि २०१५ साली ‘फ्रीक’ आणि ‘लॉगजॅम’ हे दोष उघडकीस आले, तेव्हा संदेशांच्या वाटेत बसलेल्या हल्लेखोराला अगदी नव्या ब्राउझरलाही ५१२ बिटांच्या जुन्या, कमकुवत किल्लीवर उतरवता येत होते (ही किल्ली वेगळ्या प्रकारची, तिच्यात ५१२ बिटही अपुरे पडतात). नियम जाऊन पंधरा वर्षे उलटली होती, तरी त्याने ठेवलेले भोक तसेच होते.

---

नोंदवही

जुनी_तार यांनी इतिहास उत्तम सांगितला आहे, त्यामुळे मी आजच्या नियमांवर येते. मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत निर्यात नियमांच्या पालनाचेच काम करते. तरीही खालील मजकूर वकिलाचा सल्ला समजू नये. माझ्या नोकरीतील निम्मा वेळ ‘हे लागू आहे की नाही’ एवढ्याच प्रश्नात जातो, आणि आपलाही प्रश्न तोच आहे.

१९९६ च्या अखेरीस अमेरिकेत एन्क्रिप्शन हा विषय परराष्ट्र खात्याकडून वाणिज्य खात्याकडे गेला. आता त्याचा कारभार त्या खात्यातील ‘ब्युरो ऑफ इंडस्ट्री अँड सिक्युरिटी’ म्हणजे ‘बीआयएस’ पाहते. नियंत्रित वस्तूंच्या यादीत प्रत्येक वस्तूला एक क्रमांक असतो, तोच ईसीसीएन, आणि एन्क्रिप्शनच्या सॉफ्टवेअरसाठीचा क्रमांक ५डी००२ आहे. हा क्रमांक पाहून घाबरण्याचे कारण नाही. एखादी वस्तू यादीत कोठे बसते हा एक प्रश्न झाला आणि ती मुळात नियमांच्या कक्षेत येते का हा दुसरा. शंभरातले नव्वद लोक येथेच गोंधळतात.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, जो सोर्स कोड सर्वांसाठी खुलेपणाने प्रसिद्ध झालेला आहे तो ५डी००२ मध्ये बसत असला तरी नियमांच्या कक्षेबाहेर जातो. इतकेच नव्हे, तर त्याच कोडपासून तयार केलेली, फोनवर थेट बसवता येणारी आवृत्तीही, तिचा मूळ कोड प्रसिद्ध असेल तोवर, कक्षेबाहेरच राहते. पूर्वी याला एक अट होती. कोड कोठे ठेवला आहे त्याचा पत्ता बीआयएसला आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला, म्हणजे एनएसएला, ईमेलने कळवावा लागत असे. आपल्याला ‘दोन पत्ते’ म्हणून जे सापडले ते हेच. २९ मार्च २०२१ रोजी ही अट काढून टाकण्यात आली, पण पूर्णपणे नाही. कोडमध्ये ‘अप्रमाणित’ एन्क्रिप्शन असेल, तर ईमेल आजही पाठवावी लागते. त्यामुळे आपल्याला मिळालेल्या तीन उत्तरांपैकी पहिले २०२१ पूर्वीचे होते, दुसरे बहुतांशी बरोबर होते, आणि तिसरे ज्याने दिले त्याचे काम खरोखरच कधी अडले नसावे.

आता ‘अप्रमाणित’ म्हणजे काय, कारण आपल्या मित्राचा थर नेमका येथे अडकतो. आयईटीएफ, आयएसओ यांसारख्या मानके ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी न स्वीकारलेली आणि अन्यत्रही प्रसिद्ध न झालेली पद्धत ती अप्रमाणित. यातील ‘आणि’ महत्त्वाचा आहे. जुनी_तार यांनी उल्लेख केलेल्या सीक्रेटबॉक्समधील पद्धत आयईटीएफच्या मानकांत नाही, परंतु ती अनेक वर्षांपूर्वी प्रसिद्ध झालेली आहे आणि जगभरच्या तज्ज्ञांनी तपासलेली आहे, म्हणून ती या व्याख्येत येत नाही. आपल्या मित्राची पद्धत मात्र आज एका खाजगी रेपोत आहे. ती कोणी पाहिलेली नाही आणि कोणी तपासलेली नाही. उद्या कोडसकट प्रसिद्ध केली तर ती अप्रमाणित उरते का यावर वाद घालता येईल, पण असा वाद घालत बसण्यापेक्षा दोन ईमेल पाठवून मोकळे होणे मी पसंत करीन. त्याहूनही, तो थर घालूच नये असे मी सुचवीन, आणि त्याचे कारण कायद्यात नाही. स्वतः रचलेले एन्क्रिप्शन रचणाऱ्यालाच अभेद्य वाटते. बचत गटातील बायकांच्या कर्जाच्या नोंदी हा त्याची परीक्षा घेण्याचा विषय नव्हे.

खाजगी रेपोचा मुद्दा वेगळा काढून सांगते, कारण तो बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. कोणता परवाना लावला आहे यावर ही सूट मिळत नाही, प्रसिद्ध केले आहे की नाही यावर मिळते. परवान्याच्या फाइलमध्ये एमआयटी लिहिलेले आहे पण रेपो बंद आहे, तर ते प्रसिद्ध झालेले नाही. ‘आधी आत नीट करू, मग उघडू’ ही आपली सवय एरवी चांगली आहे, परंतु एन्क्रिप्शनच्या कोडच्या बाबतीत, आणि तोही अमेरिकेतील सर्व्हरवर चार देशांतील सहकाऱ्यांबरोबर लिहिला जात असेल तर, तो जितका काळ बंद तितका काळ तो नियमांच्या कक्षेत असतो.

कंपनीच्या तक्त्याबद्दल माझा सल्ला साधा आहे. त्या रकान्यात ५डी००२ लिहून शेजारी ‘सोर्स कोड सार्वजनिकरीत्या प्रसिद्ध, नियमांच्या कक्षेबाहेर’ असे नोंदवावे आणि रेपोचा दुवा द्यावा. अपाची फाउंडेशन ही संस्था आपल्या ओपन सोर्स प्रकल्पांसाठी साधारण अशीच नोंद ठेवते. मात्र त्यांनी आपला कोड घेऊन स्वतःच्या बंद उत्पादनात घातला, की त्या उत्पादनाचे वर्गीकरण ही त्यांची जबाबदारी असते, आपली नव्हे. ‘आमच्या संपूर्ण उत्पादनासाठी तुम्ही हमी द्या’ अशा अर्थाचे एखादे वाक्य तक्त्याच्या तळाशी बारीक अक्षरात असेल, तर सही करण्यापूर्वी ते खोडा. मी असे वाक्य तीन वेळा खोडले आहे आणि तिन्ही वेळा समोरच्याने काही न बोलता ते मान्य केले.

अ‍ॅपलच्या प्रश्नाला ‘होय’ हेच उत्तर द्यावे. ज्या अ‍ॅपमध्ये फक्त आयफोनच्याच प्रणालीतील एचटीटीपीएस वापरलेले असते, त्यांना सवलत मिळते. आपण मात्र लिबसोडियम सोबत बांधून देता, त्यामुळे ‘प्रणालीतील एन्क्रिप्शनखेरीज प्रमाणित पद्धती वापरतो’ हा पर्याय आपल्याला लागू पडतो. त्या पर्यायात फ्रान्समध्ये अ‍ॅप उपलब्ध करायचे असेल तर तेथील ‘आनसी’ या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेकडे करायच्या घोषणेचा कागद मागितला जातो. मित्राचा थर घातला तर पर्याय बदलतो आणि अमेरिकेतील वर्गीकरणाचा कागदही मागितला जातो.

---

निपाणीकर

माहितीबद्दल दोघांचेही आभार, पण मला मूळ गोष्टच खटकते. सांगलीत बसून दोन माणसांनी कोड लिहिला, तो वापरणार सांगली-मिरजेच्या बायका. यात अमेरिकेचा वाणिज्य विभाग आला कोठून? आपण त्यांचे नियम पाळण्याची घाई का करतो?

---

नोंदवही

प्रश्न रास्त आहे. सांगलीतल्या संगणकावरून मिरजेतल्या फोनवर गेलेल्या कोडशी अमेरिकेचा काही संबंध नाही. परंतु धागाकर्त्यांनी कोड गिटहबवर ठेवला तेव्हा तो अमेरिकेतील सर्व्हरवर गेला, आणि तेथून तो पुन्हा मिरजेत उतरवला की कायद्याच्या भाषेत ती अमेरिकेतून झालेली निर्यात असते. अ‍ॅपलच्या स्टोअरचेही तेच. त्यात भर म्हणजे, अमेरिकेत तयार झालेली वस्तू तिसऱ्या देशात गेली तरी हे नियम तिच्या मागे मागे जातात. म्हणूनच ‘प्रसिद्ध कोड कक्षेबाहेर’ या एका वाक्याला एवढे मोल आहे, कारण एकदा बाहेर पडल्यावर त्याचा मागोवा घेतला जात नाही. निव्वळ सर्व्हर हलवून हा प्रश्न सोडवणारे लोकही आहेत. आरआयएससी-फाइव्ह या खुल्या प्रोसेसर रचनेची संस्था २०२० साली स्वित्झर्लंडला गेली ती अशाच प्रकारच्या धास्तीमुळे. दोन माणसांच्या प्रकल्पाने मात्र त्या फंदात पडू नये.

---

सरळरेषा

सगळी चर्चा अमेरिकेवर चालली आहे, म्हणून भारताच्या नियमांची भर घालतो. धागाकर्ते भारतात आहेत आणि त्यांना आधी लागू होतो तो आपला कायदा.

दुहेरी वापराच्या, म्हणजे नागरी आणि लष्करी अशा दोन्ही कामी येणाऱ्या वस्तूंची आपली यादी ‘स्कोमेट’ या नावाने ओळखली जाते आणि ती विदेश व्यापार महासंचालनालय, म्हणजे डीजीएफटी, चालवते. २०१७ साली या यादीत आठवा विभाग भरण्यात आला, आणि त्यातील ८ए५ च्या दुसऱ्या भागात माहितीच्या सुरक्षेच्या वस्तू, म्हणजेच एन्क्रिप्शन, येते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये भारत वासेनार व्यवस्थेचा, म्हणजे अशा वस्तूंच्या निर्यातीवर लक्ष ठेवणाऱ्या देशांच्या गटाचा, ४२ वा सदस्य झाला. वासेनार हे नेदरलँड्समधील हेगजवळचे एक गाव आहे, आणि सदस्य देशांनी कोणत्या वस्तूंवर लक्ष ठेवावे याची समान यादी त्या व्यवस्थेत ठरते. आपला आठवा विभाग बराचसा त्याच यादीवरून घेतलेला आहे, आणि त्या यादीतील एक जुनी टीपही त्यासोबत आली आहे. जे सॉफ्टवेअर पुढे वाटण्यावर बंधन न घालता सर्वांना उपलब्ध केलेले आहे, ते नियंत्रणात येत नाही, आणि केवळ प्रताधिकार राखून ठेवला म्हणून ही सूट जात नाही. एमआयटी परवान्याखाली खुला असलेला आपला कोड या टीपेत बसतो. म्हणजे दोन्ही देशांत सूट मिळते ती एकाच कारणाने, आणि दोन्हीकडे ती टिकते ती कोड खुला असेपर्यंतच.

यात सावध राहण्याची जागा अशी की, उद्या याच अ‍ॅपची बंद, पैसे घेऊन विकायची आवृत्ती काढून ती नेपाळ किंवा केनियातील संस्थेला दिली, तर ती टीप मदतीला येणार नाही, आणि तेव्हा स्कोमेटची यादी स्वतः उघडून वाचावी लागेल. आमच्याकडील अनेक छोट्या कंपन्यांना हे पहिल्या परदेशी ग्राहकाच्या खरेदी विभागाकडूनच कळते.

थोडे विषयांतर होईल, पण निर्यातीचा नियम वेगळा आणि देशातल्या वापराचा वेगळा, हे ध्यानात ठेवावे. २०१५ च्या सप्टेंबरमध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ८४ए खाली राष्ट्रीय एन्क्रिप्शन धोरणाचा मसुदा आला होता, ज्यात नागरिकांनी एन्क्रिप्ट केलेल्या संदेशांचा मूळ मजकूर ९० दिवस जपून ठेवावा अशी अपेक्षा होती. टीकेचा भडिमार झाल्यावर तो काही दिवसांतच मागे घेण्यात आला. तो लागू झाला असता तर सचिव ताईंना वही एन्क्रिप्ट करून वर तीच वही उघडी ठेवावी लागली असती.

---

जुनी_तार

तेहरानच्या मुलाचा मुद्दा सर्वांच्या नजरेतून सुटला आहे, म्हणून पुन्हा लिहितो. हा एन्क्रिप्शनचा प्रश्नच नाही, हा आर्थिक निर्बंधांचा प्रश्न आहे. त्याचे नियम वेगळे आहेत आणि खातेही वेगळे आहे, म्हणजे अमेरिकेचा अर्थ विभाग. २०१९ च्या जुलैमध्ये गिटहबने इराण, सीरिया आणि क्रिमियातील लोकांची खाजगी रेपो बंद केली होती, सार्वजनिक रेपो मात्र चालू होती. २०२१ च्या जानेवारीत त्यांना अमेरिकी सरकारचा परवाना मिळाला आणि इराणमधील लोकांना पूर्ण सेवा पुन्हा सुरू झाली. याउलट २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये लिनक्स प्रणालीच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, देखभालकर्त्यांच्या यादीतून रशियाशी संबंधित काही नावे काढण्यात आली, आणि तेथेही कारण निर्बंधांच्या पालनाचेच देण्यात आले, कोडमधील एन्क्रिप्शनचे नव्हे. या दोन गोष्टींची गल्लत केली की माणूस उगीच घाबरतो किंवा उगीच निर्धास्त होतो.

आपण भारतात आहात, तो मुलगा सार्वजनिक रेपोवर सर्वांसमोर दुरुस्ती पाठवतो आहे, पैशांची देवाणघेवाण नाही, आणि दुरुस्ती तारखांच्या कोडमधील आहे. माझ्या मते ती तीन आठवडे अडकवून ठेवण्याचे काहीच कारण नव्हते. उलट, ज्यांच्या घरी सौर हिजरी पंचांग चालते अशा माणसाने तारखांची चूक पकडली असेल तर ती आपल्या चाचण्यांपेक्षा अधिक भरवशाची असण्याची शक्यता आहे.

---

मुळाक्षर (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री बसून बरीच कामे उरकली, ती येथे नोंदवतो.

तेहरानची दुरुस्ती स्वीकारली. चूक खरोखरच होती. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपताना व्याजाचा एक दिवस दोनदा मोजला जात होता, आणि आमच्या एकाही चाचणीत तो पकडला गेला नव्हता. कंपनीच्या तक्त्यात नोंदवही ताईंनी सांगितल्याप्रमाणे मजकूर भरला. तळाशी बारीक अक्षरात ते हमीचे वाक्य होतेच. ते खोडले आणि तक्ता परत पाठवला.

मित्राशी दीड तास बोललो. कायद्याच्या मुद्द्यावर तो बधला नाही. ‘दोन ईमेलच तर पाठवायच्या आहेत’ असे त्याचे म्हणणे होते, आणि त्यात चूक नव्हती. पण त्याने स्वतःच थराचा कोड उघडून मला समजावून सांगायला घेतला, आणि तिसऱ्या पानावर पोहोचल्यावर तोच थांबला. प्रत्येक नोंदीसाठी वेगळा असायला हवा असा एक आकडा त्याने फोनच्या घड्याळातून घेतला होता, त्यामुळे एकाच सेकंदात जतन झालेल्या दोन नोंदींना तोच आकडा मिळत होता. खाजगी रेपो अजून पुसलेला नाही, पण ती शाखा मुख्य कोडमध्ये येणार नाही हे ठरले.

अ‍ॅपलच्या अर्जात ‘प्रमाणित पद्धती’ हा पर्याय निवडला आणि देशांच्या यादीतून फ्रान्सची खूण तूर्त काढून टाकली. फ्रान्समध्ये आमच्या माहितीचा एकही बचत गट नाही.

---

नोंदवही

फ्रान्सची खूण कायमची काढून ठेवू नका. माझी नणंद लियाँला असते आणि तिथल्या सात मराठी बायकांची भिशी गेली चार वर्षे एका वहीत चालू आहे. आनसीचा अर्ज फ्रेंचमध्ये आहे. ती भरून देईल, मी तिला आजच विचारते. आपण मला लिबसोडियमची आवृत्ती आणि वापरलेल्या पद्धतींची नावे तेवढी व्यक्तिगत निरोपातून पाठवावी.